रिसर्च डेटा ऑनलाइन ठेवायचाय, पण कुठे? पहिल्यांदाच रिपॉझिटरी निवडणाऱ्यांसाठी

रिपॉझिटरी म्हणजे संशोधनाचा डेटा जपून ठेवणारी आणि लोकांना तो शोधता येईल अशी ऑनलाइन जागा. बहुतेकांची तिच्याशी पहिली ओळख होते ती जर्नलच्या मेलमधून. पेपर जवळजवळ ॲक्सेप्ट झालेला असतो, आपण हवेत असतो, आणि एडिटर विचारतो की डेटा कुठे ठेवलाय त्याची लिंक द्या, सात दिवसांत. मग धावपळ सुरू. सर्च मारायचा, सीनियरला फोन लावायचा, सीनियर म्हणतो टाक अमक्या साइटवर आणि हो मोकळी. मीही पहिल्यांदा हेच केलं. लिंक मिळाली, पेपर छापून आला, पण तो डेटा पुढे कुणी वापरलाच नाही, कारण माझ्या विषयातली माणसं जिथे डेटा शोधायला जातात तिथे तो नव्हताच. साइट वाईट नव्हती बरं का, मीच कुणासाठी ठेवतेय याचा विचार केला नव्हता.

म्हणून सुरुवातीलाच एक प्रश्न मनात पक्का करून घ्या, पुढचं सगळं त्याच्याभोवतीच फिरतं. उद्या तुम्ही मेलला उत्तर द्यायला नसाल, लॅब सोडली, विषय बदलला, जुना मेल आयडी बंद पडला, तरी एखाद्या अनोळखी माणसाला तुमचा डेटा सापडेल का, उघडता येईल का आणि कळेल का?

आधी एक गैरसमज

ड्राइव्हची शेअर लिंक, ड्रॉपबॉक्सचं फोल्डर, लॅबच्या वेबसाइटवर टाकलेली झिप फाइल, यातलं काहीच रिपॉझिटरी नाही. हे सगळं कुणाच्या तरी अकाउंटच्या जिवावर उभं असतं, अकाउंट गेलं की डेटा गेला. लॅबच्या वेबसाइटचं तर विचारूच नका, जो पीएचडीचा मुलगा ती सांभाळत असतो तो बाहेर पडला की हळूहळू लिंका मरायला लागतात. गिटहब, म्हणजे कोड ठेवायची साइट, तीसुद्धा यातच धरा. कोडवर रोज काम करायला त्याला तोड नाही, पण मालक तिथलं रेपो (म्हणजे प्रोजेक्टचं फोल्डर) कधीही उडवू शकतो, आणि १०० एमबीच्या वरची फाइल साध्या गिटने तिथे चढतच नाही. आणि मोठी कंपनी आहे म्हणजे कायमचं टिकेल असंही नसतं, गूगल कोड आठवतंय का? २००६ मध्ये सुरू झालं आणि २०१६ मध्ये बंदही झालं.

आणि ते पेटंट वाक्य, 'डेटा मागितल्यास लेखकांकडून मिळेल'. २०१४ मध्ये करंट बायॉलॉजी या जर्नलमध्ये यावर एक अभ्यास आला होता. २ ते २२ वर्षं जुन्या ५१६ पेपर्सच्या लेखकांकडे खरोखर डेटा मागून बघितला. निघालं असं की पेपर जितका जुना तितका डेटा शिल्लक असण्याची शक्यता कमी, दर वर्षाला १७ टक्क्यांनी घसरत जाणारी. कारणं अगदी घरगुती, मेल आयडी चालत नाही, डेटा अशा डिस्कवर जी लावायला आता मशीनच नाही. लेखकांना द्यायचा नसतो असं नाही हो, त्यांनाच सापडत नाही.

खऱ्या रिपॉझिटरीत किमान तीन गोष्टी असतात. एक, प्रत्येक डेटासेटला कायमचा ओळख क्रमांक मिळतो, बहुतेक ठिकाणी डीओआय (डिजिटल ऑब्जेक्ट आयडेंटिफायर), काही विषयांत ॲक्सेशन नंबर, म्हणजे त्या डेटाबेसने दिलेला नोंद क्रमांक. दोन, एकदा पब्लिश केलेली फाइल गुपचूप बदलता येत नाही. तीन, मागे कुठलीतरी संस्था उभी असते जिने 'आम्ही हे सांभाळू' असं लेखी सांगितलेलं असतं. डीओआयची गंमत अशी की तो पत्ता नाही, नाव आहे. साइटचा पत्ता बदलला तर रिपॉझिटरी आतल्या यादीत नवीन पत्ता भरते आणि तुमच्या पेपरमध्ये छापलेला जुना डीओआय तसाच चालू राहतो. डेटासाठीचे डीओआय बऱ्याचदा डेटासाइट या संस्थेमार्फत दिले जातात, २००९ मध्ये ती याच कामासाठी सुरू झाली.

पायरी १: साइट्स बघण्याआधी कागद बघा

हे कंटाळवाणं आहे, पण इथे चुकलं तर पुढचं सगळं परत करावं लागतं. फंडिंग देणाऱ्याच्या अटी काढा, जर्नलची डेटा पॉलिसी वाचा, स्वतःच्या संस्थेच्या लायब्ररीत जाऊन विचारा. बऱ्याचदा निवड तुमच्या हातात नसतेच, जर्नल सरळ सांगतं की डीएनए सीक्वेन्स असेल तर अमुक ठिकाणीच. अमेरिकेच्या एनआयएचने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, २५ जानेवारी २०२३ पासून असा नियमच केलाय की त्यांच्या पैशातून डेटा तयार होणार असेल तर तो कसा आणि कुठे शेअर करणार याचा प्लॅन अर्जासोबतच द्यायचा. म्हणजे रिपॉझिटरीचा विचार पेपर झाल्यावर नाही, प्रोजेक्ट सुरू होण्याआधी.

मग संमतीपत्र. माणसांकडून माहिती गोळा केली असेल तर त्यांच्याकडून सही करून घेतलेला कागद पुन्हा नीट वाचा. 'तुमची माहिती फक्त या अभ्यासापुरतीच वापरू' असं लिहून दिलं असेल तर तुम्ही तो डेटा कुठेही उघडा ठेवू शकत नाही, संपला विषय, एथिक्स कमिटीकडे जा. नवीन प्रोजेक्ट सुरू करताय त्यांनी फॉर्म बनवतानाच शेअरिंगचं वाक्य घालून ठेवा, नंतर तीनशे लोकांना शोधून परत सह्या कोण घेणार.

आणि सहलेखकांना विचारलंय ना? हा प्रश्न मूर्खासारखा वाटतो पण सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात.

पायरी २: आपल्याकडे नेमकं आहे काय

एका कागदावर लिहून काढा, पाच मिनिटांचं काम आहे. एकूण साइझ किती, फाइल्स किती, फॉरमॅट कुठले, माणसांची माहिती आहे का, डेटा आता पूर्ण झालाय की दर वर्षी वाढणार आहे, सोबत कोड आहे का. फाइल्सची संख्या लोक विसरतात. ६ जीबीचे ४० हजार फोटो आणि ६ जीबीची एक फाइल ही दोन वेगळी दुखणी आहेत.

पायरी ३: तुमच्या विषयाचं घर आहे का ते बघा

माझं ठाम मत आहे, आधी विषयाची रिपॉझिटरी, ती नसेल तरच सगळ्यांसाठीची. नवीन लोक नेमकं उलटं करतात कारण सगळ्यांसाठीच्या साइट्सचा फॉर्म सोपा असतो आणि दहा मिनिटांत उरकतो.

विषयाच्या घराचा फायदा काय, तर तिथे सगळ्यांचा डेटा एकाच साच्यात असतो. डीएनए सीक्वेन्सचं उदाहरण घ्या. अमेरिकेची जेनबँक, युरोपचं ईएनए आणि जपानचं डीडीबीजे ही तीन ठिकाणं रोज आपसात डेटा देवाणघेवाण करतात, त्यामुळे तुम्ही एकीकडे टाकलं की तिन्हीकडे दिसतं, आणि जगातला कुणीही आपला सीक्वेन्स त्याच्याशी जुळवून बघू शकतो. हाच सीक्वेन्स तुम्ही एखाद्या जनरल साइटवर टेक्स्ट फाइल म्हणून टाकला तर तो तिथे असतो, डीओआय पण असतो, पण जुळवणीच्या सर्चमध्ये तो कधीच येणार नाही. प्रोटीनच्या रचनेसाठी प्रोटीन डेटा बँक, १९७१ मध्ये फक्त ७ रचनांपासून सुरू झालेली, आज २ लाखांच्या वर गेलीय. आता त्या क्षेत्रात या बँकेचा आयडी (पीडीबी आयडी) नसेल तर पेपर पुढे सरकणं अवघड.

थोडी नावं सांगते म्हणजे अंदाज येईल. प्रोटिओमिक्सला, म्हणजे प्रथिनांच्या मोजणीच्या डेटाला, प्राइड. जीन एक्स्प्रेशनला, म्हणजे कुठलं जीन किती चालू आहे त्या डेटाला, जीईओ (जीन एक्स्प्रेशन ऑम्निबस). मेंदूच्या एमआरआयला ओपनन्यूरो, पण तिथे फाइल्स बिड्स नावाच्या ठरलेल्या रचनेतच लागतात, फोल्डरचं नाव चुकलं तरी व्हॅलिडेटर (तपासणारं सॉफ्टवेअर) परत पाठवतो. पृथ्वीविज्ञान, समुद्र, हवामान यांना पॅन्जिया, तिथे डेटा एडिटर असतात, ते तुमचे कॉलम आणि युनिट्स बघतात, प्रश्न विचारतात, त्यामुळे वेळ लागतो, डेडलाइन उद्या असेल तर तिथे जाऊन रडू नका. प्राण्यांच्या ट्रॅकिंगला मूव्हबँक. समाजशास्त्राच्या सर्व्हेला मिशिगन युनिव्हर्सिटीतलं आयसीपीएसआर, १९६२ पासून चालू आहे, म्हणजे पंचकार्डांच्या काळापासून. मुलाखती, फील्ड नोट्स असला मजकूर असेल तर सिरॅक्यूज युनिव्हर्सिटीतली क्वालिटेटिव्ह डेटा रिपॉझिटरी बघा.

तुमचा विषय यात नसेल तर रीथ्रीडेटा नावाची डिरेक्टरी उघडा. रिपॉझिटरींचीच यादी आहे ती, २०१२ पासूनची, ३ हजारांच्या वर नोंदी. विषय, देश, डीओआय मिळतो का, सर्टिफिकेट आहे का, असे फिल्टर लावता येतात. फक्त यादीत नाव आहे म्हणजे तुम्हाला तिथे डेटा टाकता येईल असं नाही, अनेक ठिकाणी फक्त त्याच संस्थेचे लोक टाकू शकतात, तर 'डेटा अपलोड कोण करू शकतं' ही ओळ नक्की वाचा. फेअरशेअरिंग म्हणून दुसरी तशीच यादी आहे, तिथे जर्नलच्या आणि फंडरच्या पॉलिसीसुद्धा जोडलेल्या असतात.

आणि माझा आवडता जुगाड. तुमच्या विषयातले गेल्या दोन वर्षांतले दहा चांगले पेपर काढा, शेवटी जिथे डेटाबद्दल लिहिलेलं असतं तेवढंच वाचा, कुठल्या साइटचं नाव किती वेळा येतं ते मोजा. अर्ध्या तासात उत्तर मिळतं. तुमची माणसं जिथे जातात तिथेच तुमचा डेटा हवा.

पायरी ४: घर नसेल तर सर्वांसाठीच्या जागा

आता या साइट्सबद्दल. लिमिट आणि दर अधूनमधून बदलतात, म्हणून टाकायच्या दिवशी त्यांच्या पेजवर एकदा खात्री करा.

झेनोडो सगळ्यात जास्त ऐकायला येतं. २०१३ मध्ये सुरू झालं, सर्न चालवतं, तेच कणभौतिकीवालं सर्न. फुकट, कुठल्याही विषयासाठी, एका रेकॉर्डला ५० जीबी आणि १०० फाइल्सपर्यंत. मघाचे ४० हजार फोटो इथे अडकतात बघा, झिप करावे लागतात. गिटहबला जोडता येतं, तुम्ही कोडचं रिलीज काढलं की त्याची प्रत आपोआप जाऊन डीओआय मिळतो, ही सोय खरंच भारी आहे. पण टाकलेल्या डेटाची आतून तपासणी तिथे कुणी करत नाही, तुम्ही कचरा टाकला तर कचऱ्यालाही डीओआय मिळेल.

ड्रायॅड याच्या उलट. ना-नफा संस्था आहे, मूळ इकॉलॉजी आणि उत्क्रांतीवाल्यांची, आता सगळ्यांना खुली. तिथे क्युरेटर माणूस तुमच्या फाइल्स उघडून बघतो, रीडमी (डेटा समजावून सांगणारी फाइल) नाही म्हणून परत पाठवतो. त्या बदल्यात फी असते, मात्र तुमचं जर्नल किंवा संस्था सभासद असेल तर ती तुमच्या खिशातून जात नाही, म्हणून आधी विचारा. आणि तिथे लायसन्स एकच, सीसी झिरो, त्यावर पुढे येते.

फिगशेअर दिसायला छान, वापरायला सोपं, फुकट अकाउंटला २० जीबी, मोठ्या डेटासाठी त्यांची पैसेवाली सोय वेगळी. ते कंपनीचं आहे, डिजिटल सायन्सचं. यात वाईट काही नाही, कळलेलं बरं एवढंच. बऱ्याच युनिव्हर्सिट्यांची स्वतःची रिपॉझिटरी आतून फिगशेअरवरच चालते.

हार्वर्ड डेटाव्हर्स नाव हार्वर्डचं असलं तरी कुणालाही फुकट वापरता येतं. समाजविज्ञानवाल्यांची तिथे गर्दी. टेबलं चांगली हाताळतं, एसपीएसएस, स्टाटा या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरच्या फाइल टाकल्या तर आतले व्हेरिएबल वाचून साध्या टेक्स्ट फॉरमॅटची प्रतही तयार करतं.

ओएसएफ (ओपन सायन्स फ्रेमवर्क) जरा वेगळं प्रकरण आहे. ती मुळात प्रोजेक्ट चालवायची जागा, प्रायव्हेट प्रोजेक्टला ५ जीबी, पब्लिकला ५० जीबी. काम चालू असताना फाइल्स बदलत राहतात, म्हणून पेपरमध्ये नुसती प्रोजेक्टची लिंक देऊ नका, तिथे रजिस्ट्रेशन म्हणून प्रकार आहे, ते केलं की त्या दिवशीची स्थिती गोठते, त्याची लिंक द्या.

आणि तुमच्या संस्थेची स्वतःची रिपॉझिटरी? असेल तर ती वाईट नसते, उलट मदतीला समोर बसलेला माणूस मिळतो. फक्त ती डीओआय देते का आणि बाहेरच्या सर्चमध्ये दिसते का हे बघा. बघायची सोपी युक्ती, तिथल्या एखाद्या जुन्या डेटासेटचं शीर्षक गूगल डेटासेट सर्चमध्ये टाका. नाही सापडला तर तुमचाही सापडणार नाही.

माझं विचाराल तर, विषयाचं घर नसेल आणि खर्च भागत असेल तर ड्रायॅडसारखी तपासून घेणारी जागा, नाहीतर झेनोडो.

पायरी ५: दोन-तीन नावं उरली की काय तपासायचं

पहिला प्रश्न, ही साइट बंद पडली तर काय? हा प्रश्न उगाच नाही. २०२३ मध्ये रीथ्रीडेटाच्या नोंदींवर एक अभ्यास झाला, त्यात १९१ रिपॉझिटरी बंद पडलेल्या निघाल्या, यादीतल्या साधारण ६ टक्के. बंद होतानाचं मधलं वय (मीडियन) १२ वर्षं. म्हणजे नवीन साइट्सच मरतात असंही नाही, चांगल्या स्थिरावलेल्या पण मरतात. त्यातल्या ४४ टक्क्यांनी आपला डेटा दुसरीकडे हलवला होता. बाकीच्यांचं काय ते तुम्हीच समजा. तर साइटच्या पॉलिसी पेजवर जाऊन बघा, पैसे कुठून येतात, आणि बंद झालं तर डेटा कुणाकडे जाणार हे लिहिलंय का. तीन वर्षांच्या प्रोजेक्टच्या पैशावर उभी असलेली सुंदर साइट असेल तर मी तिथे डेटाची एकमेव प्रत ठेवणार नाही.

कोअरट्रस्टसील हे सर्टिफिकेट २०१७ पासून आहे, १६ निकष असतात, पैसा, माणसं, तांत्रिक सांभाळणी सगळं त्यात येतं. असेल तर निर्धास्त व्हा. नसेल तर लगेच फुली मारू नका, अनेक नामांकित जागांकडेही ते नाही.

मग व्हर्जन. डेटामध्ये चूक निघणारच आहे, निघाली की नवीन व्हर्जन टाकता येतं का, आणि जुनं पण राहतं का? झेनोडोवर प्रत्येक व्हर्जनला वेगळा डीओआय मिळतो आणि वर एक सगळ्या व्हर्जन्सचा मिळून सामाईक डीओआय असतो. पेपरमध्ये ज्या आकड्यांवरून ग्राफ काढला त्या व्हर्जनचा डीओआय द्यायचा, सामाईक नाही, कारण सामाईक डीओआय नेहमी लेटेस्ट व्हर्जनवर नेतो आणि मग वाचणाऱ्याचे आकडे तुमच्याशी जुळत नाहीत, तो डोकं धरून बसतो.

पेपर रिव्ह्यूमध्ये असताना फक्त रिव्ह्यूअरला दिसेल अशी प्रायव्हेट लिंक मिळते का, ठरावीक तारखेपर्यंत डेटा बंद ठेवता येतो का, हेही आत्ताच बघून ठेवा.

लायसन्स, थोडक्यात

लायसन्स लावलं नाही तर कायद्याच्या भीतीने लोक तुमचा डेटा वापरायला बिचकतात, मग उघडा ठेवून उपयोग काय. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, त्यांची तयार लायसन्स असतात. सीसी झिरो म्हणजे सगळे हक्क सोडले, वापरा काहीही करा. सीसी बाय म्हणजे वापरा पण नाव द्या. लोकांना सीसी झिरोची धास्ती वाटते, की आपलं नाव जाईल. पण शास्त्रात संदर्भ देतात ते काही कायद्याला घाबरून नाही, ती रीत आहे म्हणून, आणि शंभर ठिकाणचा डेटा एकत्र करणाऱ्याला शंभर अटी सांभाळाव्या लागल्या तर तो तुमचा डेटा बाजूलाच ठेवतो. 'व्यावसायिक वापर नको' वाली अट सुरक्षित वाटते, पण व्यावसायिक कशाला म्हणायचं यावरच वाद असतात, फी घेणाऱ्या युनिव्हर्सिटीतला शिक्षक पण बिचकतो. मी डेटाला सीसी झिरो किंवा सीसी बाय लावते. कोडला मात्र एमआयटी किंवा जीपीएलसारखं सॉफ्टवेअरचं लायसन्स लावा, सीसीची लायसन्स कोडसाठी केलेली नाहीत.

माणसांची माहिती असेल तर इथे थांबा

नाव आणि फोन नंबर काढला म्हणजे डेटा निनावी झाला असं नसतं. अमेरिकेत लटान्या स्वीनी या संशोधिकेने १९९० च्या जनगणनेवरून दाखवलं होतं की फक्त जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पोस्टाचा कोड या तीन गोष्टींवरून तिथले साधारण ८७ टक्के लोक एकटे ओळखू येऊ शकतात. तीन कॉलम फक्त. म्हणून जन्मतारखेऐवजी वयोगट, गावाऐवजी मोठा प्रदेश, आणि दुर्मिळ आजार किंवा एकमेव पदावरची व्यक्ती अशी ओळ असेल तर ती वेगळी काढून विचार करा. हे करूनही धाकधूक राहत असेल तर उघड रिपॉझिटरी हा पर्यायच नाही, कंट्रोल्ड ॲक्सेसवाली जागा शोधा. माणसांच्या जनुकीय डेटाला अमेरिकेचं डीबीगॅप आणि युरोपचं ईजीए आहे, तिथे वापरणाऱ्याला अर्ज करावा लागतो आणि समिती परवानगी देते. डेटाची माहिती सगळ्यांना दिसते, डेटा दिसत नाही. हे पूर्ण मान्य असलेलं शेअरिंग आहे, कमीपणा वाटून घेऊ नका.

हाच विचार दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या जीपीएस पॉइंट्सना पण लागू होतो. घरट्याचा नेमका पत्ता शिकाऱ्यालाही डाउनलोड करता येतो, तेव्हा आकडे गोल करून टाका आणि तसं केलंय हे लिहा.

पायरी ६: फाइल्स आवरा

रिपॉझिटरी कितीही चांगली निवडा, आतमध्ये 'फायनल_फायनल२_सरांनी_बघितलेलं' अशी फाइल असेल तर काय उपयोग.

टेबलं सीएसव्हीमध्ये (साध्या टेक्स्टच्या टेबल फॉरमॅटमध्ये) द्या, एक्सेलमध्ये रंग लावून अर्थ सांगू नका, पिवळा म्हणजे संशयास्पद हे फक्त तुम्हालाच माहितीये. आणि एक्सेलवर डोळे झाकून विश्वास नको. सेप्ट२ नावाचं एक जीन आहे, एक्सेल त्याची २ सप्टेंबर करून टाकतं. २०१६ च्या एका तपासणीत, ज्या पेपर्सना जीन्सची एक्सेल यादी जोडलेली होती त्यातल्या साधारण पाचव्या हिश्श्यात असल्या चुका सापडल्या होत्या. शेवटी २०२० मध्ये जीन्सची अधिकृत नावंच बदलली, सेप्ट२ चं सेप्टिन२ केलं. सॉफ्टवेअर ऐकेना म्हणून शास्त्राने नाव बदललं, काय बोलणार.

रीडमी फाइल साधी टेक्स्ट ठेवा. त्यात प्रत्येक कॉलमची एक ओळ हवीच. माझी एक ओळ दाखवते: 'टेम्प: पाण्याचं तापमान, डिग्री सेल्सिअस, पृष्ठभागाखाली अर्ध्या मीटरवर, उणे ९९९ म्हणजे सेन्सर बंद होता'. ही ओळ मी आधी लिहिली नव्हती. एका मुलीने मेल केला की ताई, तुमच्या तळ्याचं सरासरी तापमान उणे ४१ येतंय. ती बिचारी सरळ सरासरी काढत होती आणि माझे सगळे उणे ९९९ त्यात मिसळले होते. आता मी ते आकडे काढून जागा रिकामीच ठेवते, आणि तरीही रीडमीत लिहिते.

बाकी कच्चा डेटा वेगळ्या फोल्डरात, साफ केलेला वेगळ्या, आणि एकातून दुसरा कसा केला ती स्क्रिप्ट सोबत. झिपच्या आत झिप नको.

पायरी ७: अपलोड

थेट खऱ्या साइटवर जाऊ नका. झेनोडोची सँडबॉक्स म्हणून हुबेहूब नकली साइट आहे, तिथे बिनधास्त सराव करा, तिथले डीओआय खोटे असतात, त्यामुळे कुणाला देऊ नका म्हणजे झालं. ऑर्किड आयडी नसेल तर काढून ठेवा, संशोधकाची ओळख पटवणारा १६ अंकी फुकटचा नंबर आहे, म्हणजे लग्नानंतर आडनाव बदललं किंवा तुमच्या नावाची आणखी चार माणसं निघाली तरी डेटा तुमच्याच खात्यावर राहतो.

फॉर्ममधलं शीर्षक हा लोकांचा आळशीपणा दाखवणारा रकाना आहे. 'पेपरसाठीचा डेटा' असं शीर्षक शेकड्यांनी सापडेल. त्यापेक्षा काय मोजलं, कुठे, कधीपासून कधीपर्यंत, हे शीर्षकातच लिहा. कीवर्ड भरा, फंडिंग नंबर भरा, पेपरचा डीओआय असेल तर 'संबंधित काम' मध्ये भरा.

पेपर अजून छापला नसेल तर डीओआय आधी राखून ठेवायची सोय बऱ्याच ठिकाणी असते. ड्राफ्ट सेव्ह करायचा, डीओआय घ्यायचा, तो पेपरमध्ये लिहायचा, आणि पेपर नक्की झाला की मग पब्लिशचं बटण. राखलेला डीओआय पब्लिश करेपर्यंत उघडत नाही, हे एडिटरला आधीच सांगून टाका नाहीतर तो लिंक चालत नाही म्हणून मेल करतो.

पब्लिश दाबण्याआधी एकदा थांबा, पाणी प्या, फाइल्स परत डाउनलोड करून उघडून बघा. कारण पब्लिश झाल्यावर शीर्षक, वर्णन असलं काही सुधारता येतं, पण फाइल बदलायची तर नवीन व्हर्जन काढावं लागतं, आणि जुनं तसंच दिसत राहतं. डिलीट करायला सहसा रिपॉझिटरीला विनंती करावी लागते, आणि त्यांनी काढलं तरी 'इथे डेटा होता, अमक्या कारणाने काढला' अशी पाटी बहुतेक ठिकाणी मागे राहते.

झाल्यावर डेटाचा संदर्भ पेपरच्या संदर्भयादीत इतर पेपर्ससारखाच द्या, नुसता मजकुरात लिंक म्हणून नको, कारण सायटेशन मोजलं जातं ते यादीतून.

आणि सगळ्यात शेवटी लॉगआउट करा, ब्राउझरची प्रायव्हेट विंडो उघडा आणि जी लिंक पाठवणार आहात ती तिथे पेस्ट करून बघा. मी एकदा रिव्ह्यूअर्सना लिंक पाठवून तीन आठवडे वाट बघत बसले होते, तीन आठवड्यांनी एडिटरचा मेल आला की दोन्ही रिव्ह्यूअर्सना लॉगिनचं पान दिसतंय. मी माझ्या स्वतःच्या ड्राफ्टचा पत्ता कॉपी केला होता, तो माझ्याशिवाय कुणालाच उघडणार नव्हता.